पीएक्सई सर्व्हर अ‍ॅन्सिबलने उभा करणे: साठ मशीन, एक प्लेबुक

दक्षिणवारा

नेटवर्कवरून लिनक्स इन्स्टॉल करणारा (पीएक्सई) सर्व्हर हाताने उभा करणे अवघड नाही. अवघड आहे ते दोन वर्षांनी त्याची डिस्क गेल्यावर तोच सर्व्हर जसाच्या तसा परत उभा करणे. म्हणून हा धागा. सर्व्हरची रचना फाइलींत लिहून ती आपोआप घडवणारे साधन म्हणजे अ‍ॅन्सिबल; सगळी मांडणी अ‍ॅन्सिबलमध्ये आहे. कोऱ्या डेबियन १२ वर प्लेबुक (कामांची यादी असलेली फाइल) चालवले की सर्व्हर तयार व्हायला हवा, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर 'चेंज्ड' (बदललेल्या गोष्टींचा आकडा) शून्य यायला हवे.

गृहीत धरलेली जागा म्हणजे कॉलेजची संगणक लॅब. साठ मशीन, त्यातली काही जुन्या बायोसची, बाकी यूईएफआय (मशीन सुरू करणारे जुने आणि नवे फर्मवेअर). आयपी पत्ते राउटर देतो आणि त्याला हात लावता येत नाही. अशा ठिकाणी दुसरा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा) सर्व्हर सुरू करू नका, संपूर्ण मजला बंद पडेल. डीएनएसमास्क (डीएचसीपी, डीएनएस आणि टीएफटीपी देणारा छोटा प्रोग्रॅम) प्रॉक्सी पद्धतीने चालवा. पत्ता राउटरच देतो, डीएनएसमास्क फक्त 'बूट फाइल इथे आहे' एवढेच सांगतो.

डीएनएसमास्कच्या टेम्प्लेटमध्ये मोजक्याच ओळी लागतात. 'पोर्ट=०' लिहून डीएनएस बंद करा. नाहीतर सिस्टीमडी-रिझॉल्व्हड आधीच डीएनएसचे पोर्ट ५३ अडवून बसलेला असेल तर सेवा सुरूच होत नाही. 'डीएचसीपी-रेंज' मध्ये सबनेट आणि पुढे 'प्रॉक्सी' हा शब्द. 'एनेबल-टीएफटीपी' आणि 'टीएफटीपी-रूट' (टीएफटीपी म्हणजे बूट फाइली देणारी साधी पद्धत). त्यानंतर 'पीएक्सई-सर्व्हिस' च्या तीन ओळी: जुन्या बायोससाठी 'अनडीआयओनली डॉट केपीएक्सई', आणि यूईएफआयसाठी 'आयपीएक्सई डॉट ईएफआय' दोनदा (दोन्ही आयपीएक्सई या जास्त समर्थ नेटवर्क बूट प्रोग्रॅमच्या फाइली). दोनदा का, तर ६४-बिट यूईएफआय फर्मवेअर आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये कळवते आणि बहुतेक मशीन तिथे ९ न पाठवता ७ पाठवतात. डीएनएसमास्कमध्ये या दोघांची नावे वेगळी आहेत. एकच ओळ लिहिली की निम्मी मशीन चालतात आणि निम्मी गप्प बसतात. मग माणूस केबल बदलत राहतो.

आयपीएक्सई पॅकेजमधून उचलण्यापेक्षा सोर्समधून बांधा आणि पहिली स्क्रिप्ट त्याच्या आतच घाला. मेकला (बांधणीच्या आज्ञेला) 'एम्बेड' म्हणून स्क्रिप्टची फाइल देता येते. स्क्रिप्ट छोटीशी: आधी 'डीएचसीपी', मग सर्व्हरवरून त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या) नावाची फाइल 'चेन' करा (म्हणजे उतरवून चालवा), ती नसेल तर डिफॉल्ट फाइल, तीही नसेल तर 'एक्झिट'. हे न केल्यास आयपीएक्सई सुरू होते, पुन्हा डीएचसीपी विचारते, तिला पुन्हा आयपीएक्सईच मिळते, आणि हे चक्र थांबत नाही. युजर-क्लास ओळखूनही ते तोडता येते, पण स्क्रिप्ट पोटातच असली की तो प्रश्नच राहत नाही.

अ‍ॅन्सिबलमध्ये इथे एक खड्डा आहे. मेकच्या टास्कला 'क्रिएट्स' ('ही फाइल असेल तर टास्क वगळ') लावलेत तर स्क्रिप्ट बदलली तरी बायनरी जुनीच राहते, कारण फाइल आधीपासून आहे. बांधणी हँडलरमध्ये (काही बदलले तरच चालणाऱ्या टास्कमध्ये) टाका आणि स्क्रिप्टच्या टेम्प्लेटवरून 'नोटिफाय' करा.

डिफॉल्ट फाइलमध्ये फक्त स्थानिक डिस्कवरून बूट. इन्स्टॉलचा मेन्यूही नको आणि 'दहा सेकंदांत आपोआप सुरू' हा प्रकार तर अजिबात नको. ज्या मशीनचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे तीच पुसली जावी.

---

पोर्टक्रमांक६९

मांडणी पटली. नेटवर्कची बाजू जोडतो, कारण बिघाड बहुतेक तिथेच निघतो.

टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई द्या. कर्नल, इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टीम) आणि आयएसओ (इन्स्टॉलरची पूर्ण प्रतिमा) हे सगळे एचटीटीपीवरून. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते, मग पुढचा पाठवते. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ वर संपतो. ५१२ ने गुणलेत तर साधारण ३२ एमबी. ७० एमबीचा इनिटआरडी जुन्या फर्मवेअरवर मधेच मरतो तो यामुळे. तुकडा मोठा करता येतो, पण १४६८ च्या वर जाऊ नका. १५०० बाइटच्या एमटीयूमध्ये (एका पॅकेटच्या कमाल आकारात) तेवढाच अखंड बसतो. पॅकेट तुटायला लागले की काही नेटवर्क कार्डांचे रॉम हार मानतात.

स्विचवर दोन गोष्टी तपासा. पहिली, स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधले फेरे टाळणारी यंत्रणा. पोर्ट जागा झाल्यावर १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात जातात, तोवर एकही पॅकेट पुढे जात नाही. पीएक्सईच्या विनिर्देशाप्रमाणे फर्मवेअर ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशी वाट पाहते, त्यामुळे पहिला टप्पा कसाबसा पार पडतो. पण पुढे आयपीएक्सई स्वतःचा ड्रायव्हर लावते, लिंक क्षणभर पडते आणि ३० सेकंदांची मोजणी पुन्हा सुरू होते. तेवढा धीर आयपीएक्सईला नसतो. लॅबचे सगळे पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट (ही वाट न पाहणारे) करा.

दुसरी, डीएचसीपी स्नूपिंग. ते चालू असेल तर स्विच फक्त राउटरच्या पोर्टवरची उत्तरे पुढे सोडतो आणि तुमच्या सर्व्हरचे उत्तर गिळतो. मशीनला आयपी मिळतो, पण बूट फाइलचे नाव मिळत नाही. जुन्या बायोसवर 'पीएक्सई-ई५३' दिसले की आधी हेच बघा. सर्व्हर ज्या पोर्टवर आहे तो 'ट्रस्टेड' करावा लागतो.

ई५१ म्हणजे कोणाचेच उत्तर आले नाही. तिथे केबल, व्हीलॅन आणि स्पॅनिंग ट्री पाहा. ई३२ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपीने दार उघडले नाही, म्हणजे फायरवॉल. ई६१ म्हणजे लिंकच नाही.

फायरवॉलबद्दल गैरसमज खूप आहे. सर्व्हरवर यूडीपी ६७, ६९ आणि प्रॉक्सीसाठी ४०११ उघडे लागतात. शिवाय एचटीटीपीचे ८०. ४०११ विसरणारे सर्वाधिक. टीएफटीपीचा डेटा नव्या पोर्टवरून निघतो हे खरे, पण तो संवाद सर्व्हरच सुरू करतो, त्यामुळे सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलला त्याची पोच 'एस्टॅब्लिश्ड' म्हणून दिसते. अडचण येते ती सर्व्हर आणि लॅब यांच्यामध्ये वेगळी फायरवॉल असेल तेव्हा. तिथे टीएफटीपीचा कनेक्शन-ट्रॅकिंग हेल्पर चालू करावा लागतो.

---

कळफलक

उबंटू २४.०४ च्या ऑटोइन्स्टॉलबाबत (माणसाविना इन्स्टॉल) दोन प्रश्न. एक, सगळे बरोबर लिहूनही इन्स्टॉलर 'पुढे जाऊ का' विचारून थांबतो. दोन, बूट होताना आयएसओ दोनदा उतरवली जाते असे एनजिनएक्सच्या (एचटीटीपी सर्व्हरच्या) नोंदींत दिसते. साठ मशीनवर हे परवडत नाही.

---

दक्षिणवारा

@कळफलक, दोन्ही गोष्टी कर्नलच्या ओळीवर सुटतात.

पहिल्यासाठी कर्नलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द स्वतंत्रपणे असायलाच हवा. तो नसेल तर यूझर-डेटा (इन्स्टॉलची उत्तरे असलेली फाइल) सापडूनही इन्स्टॉलर डिस्क पुसण्याआधी माणसाकडून होकार घेतो. ही मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे.

दुसऱ्याचे कारण असे की 'यूआरएल=' मध्ये तुम्ही आयएसओचा पत्ता देता, आणि क्लाउड-इनिटला (बूट होताना मशीनची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटते की ती त्याचीच कॉन्फिग फाइल आहे. मग तोही संपूर्ण आयएसओ खाली ओढतो. 'क्लाउड-कॉन्फिग-यूआरएल=' ला 'डेव्ह-नल' चा मार्ग द्या म्हणजे तो थांबतो.

त्याच ओळीवर अजून काही. यूझर-डेटा कुठे आहे ते सांगणाऱ्या 'डीएस=नोक्लाउड' च्या पत्त्याला शेवटी तिरकी रेघ हवीच, कारण पुढे फाइलचे नाव थेट चिकटवले जाते. त्या पत्त्याच्या आधीचा अर्धविराम ग्रबला (बूटलोडरला) आज्ञेचा शेवट वाटतो, म्हणून ग्रबमध्ये तो अवतरणचिन्हांत ठेवा. यूईएफआय मशीनवर आयपीएक्सईतून बूट करताना 'इनिटआरडी=इनिटआरडी' असेही लिहा. ते राहिले तर रूट फाइलसिस्टीम सापडली नाही म्हणून कर्नल पॅनिक होऊ शकतो, आणि दोष मात्र आयएसओवर ढकलला जातो. कर्नल आणि इनिटआरडी त्याच आयएसओच्या 'कॅस्पर' फोल्डरमधून काढा, दुसऱ्या आवृत्तीचे वापरू नका. अ‍ॅन्सिबलच्या 'गेट-यूआरएल' ला शा-२५६ चेकसम द्या. अर्धवट उतरलेली आयएसओ जी लक्षणे दाखवते त्यावरून खरे कारण ओळखणे फार कठीण जाते.

यूझर-डेटाची पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग' हीच, तिच्या वर रिकामी ओळही नको. मेटा-डेटा फाइल रिकामी चालते, पण असायला हवी. डिस्कसाठी 'लेआउट' मध्ये एलव्हीएम (डिस्कचे लवचिक विभाजन) घेत असाल तर 'सायझिंग-पॉलिसी' ला 'ऑल' द्या. नाहीतर मोठ्या डिस्कचा बराच भाग न वाटलेलाच राहतो आणि ते महिन्याभराने जागा संपल्यावर लक्षात येते.

पासवर्डचा हॅश टेम्प्लेटमध्ये 'पासवर्ड-हॅश' फिल्टरने काढत असाल तर सॉल्ट (हॅशमध्ये मिसळायचा यादृच्छिक मजकूर) ठरवून द्या. नाही दिले तर प्रत्येक वेळी नवा हॅश, म्हणजे प्रत्येक वेळी साठही फाइली 'चेंज्ड'. त्यापेक्षा एकदाच काढलेला हॅश अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये ठेवणे बरे.

---

शून्यप्रहर

आतापर्यंत न आलेला आणि माझ्या मते सर्वांत नाजूक भाग: इन्स्टॉल झाल्यानंतर काय?

नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर असलेले मशीन रीबूट झाले, मॅकच्या नावाची फाइल अजून जागेवरच, की ते पुन्हा स्वतःला पुसून घेते. रात्रभर हेच चालू राहते. म्हणून काम संपताना ती फाइल गेली पाहिजे.

सोपा मार्ग असा. एनजिनएक्समध्ये फक्त बूट-फाइलींच्या मार्गापुरती 'डॅव्ह-मेथड्स' मध्ये 'डिलीट' ही एकच पद्धत चालू करा, आणि तीही लॅबच्या सबनेटपुरती. ते फोल्डर एनजिनएक्सच्या यूझरला लिहिता यायला हवे. यूझर-डेटा दर मशीनसाठी वेगळा तयार होत असल्याने त्यात मॅक पत्ता आधीच लिहिलेला असतो. 'लेट-कमांड्स' च्या शेवटच्या ओळीत कर्लने ती फाइल डिलीट करायची. इन्स्टॉल यशस्वी झाल्यावरच त्या आज्ञा चालतात, म्हणजे अर्ध्यात फसलेले मशीन पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करते. कोणी खोडसाळपणे फाइल उडवली तरी नुकसान एवढेच की मशीन स्थानिक डिस्कवरून सुरू होते. चूक होणारच असेल तर ती या बाजूला व्हावी.

आता खरा धोका. समजा इन्व्हेंटरीमध्ये (मशीनच्या यादीत) तुम्ही मशीनपुढे 'स्थिती: इन्स्टॉल' असे लिहिले. इन्स्टॉल झाले, फाइल उडाली. चार दिवसांनी कोणी एनजिनएक्सची एक ओळ बदलायला तेच प्लेबुक चालवले. अ‍ॅन्सिबल इमानेइतबारे उडालेली फाइल परत तयार करते, आणि त्या संध्याकाळी वीज जाऊन आली की लॅब पुसली जाते. अ‍ॅन्सिबलने काहीच चुकीचे केलेले नसते. त्याला सांगितले तेच त्याने केले.

इन्स्टॉल ही स्थिती नव्हे, घटना आहे. इन्व्हेंटरीत स्थिती लिहावी. घटना वेगळ्या प्लेबुकमध्ये हवी, जे 'लिमिट' (कोणत्या मशीनवर चालवायचे ते) दिल्याशिवाय चालणारच नाही. सुरुवातीलाच 'असर्ट' टाका: लिमिट रिकामी असेल तर तिथेच थांब. सर्व्हर उभा करणाऱ्या प्लेबुकने मॅकच्या नावाची एकही फाइल तयार करू नये.

---

दक्षिणवारा

@शून्यप्रहर, हा बदल करायलाच हवा. माझ्या मांडणीत दोन्ही गोष्टी एकाच रोलमध्ये (टास्कच्या गठ्ठ्यात) होत्या. 'सर्व्हर' आणि 'सोडणे' (मशीन इन्स्टॉलसाठी सोडणारे) अशी दोन प्लेबुक वेगळी करतो.

मॅक पत्त्याबाबत एक जोड. आयपीएक्सईमध्ये हायफनवाला प्रकार निवडला की पत्ता लहान लिपीत येतो. इन्व्हेंटरीत लोक मशीनच्या लेबलवरून मोठ्या लिपीत आणि कोलन-चिन्हांसह उतरवतात. लिनक्सवर ती दोन वेगळी नावे. टेम्प्लेटमध्येच 'लोअर' आणि 'रिप्लेस' फिल्टर लावा. नाहीतर ४०४ मिळून मशीन डिफॉल्टवर जाते आणि वाटते की सर्व्हर ऐकतच नाही.

स्थानिक डिस्कवर परत जाण्याच्या बाबतीत यूईएफआयवर 'एक्झिट' पुरते. जुन्या बायोसपैकी काही 'एक्झिट' नंतर पुढच्या डिव्हाइसकडे जातच नाहीत, काळ्या पडद्यावर थांबतात. तिथे 'सॅनबूट' ला '०एक्स८०' ही ड्राइव्ह द्यावी लागते. आयपीएक्सईत 'प्लॅटफॉर्म' हे चल पाहून दोन्ही वाटा एकाच फाइलमध्ये लिहिता येतात.

---

गिरणगाव

चाचणीबद्दल. खऱ्या मशीनवर नेण्याआधी लिबव्हर्टमध्ये (आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या साधनात) वेगळे नेटवर्क करून सगळे चालवून बघता येते, पण एक फसवणूक लक्षात ठेवा. क्यूईएमयूच्या आभासी नेटवर्क कार्डाचा रॉम स्वतःच आयपीएक्सई आहे. म्हणजे बायोस पद्धतीच्या व्हीएममध्ये पहिला टप्पा खऱ्या मशीनसारखा होतच नाही. जुन्या रॉमचे हट्ट तिथे दिसणार नाहीत. व्हीएममध्ये चालले म्हणून साठ मशीन एकदम सुरू करू नका. यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ (व्हीएमसाठीचे यूईएफआय फर्मवेअर) वापरा, ते वास्तवाच्या जास्त जवळ जाते. शेवटी प्रत्येक मॉडेलचे एक खरे मशीन हवेच.

प्लेबुकमध्ये डीएनएसमास्कच्या टेम्प्लेटला 'व्हॅलिडेट' लावा, डीएनएसमास्कचा 'टेस्ट' पर्याय त्याच कामाचा आहे. फाइल चुकीची असेल तर ती जागेवर जातच नाही आणि चालू सेवा पडत नाही. 'चेक' आणि 'डिफ' मिळून आधी काय बदलेल ते दाखवतात.

आणि 'लॉग-डीएचसीपी' पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. सर्व्हरवर टीसीपीडंप लावून ६७, ६८, ६९ आणि ४०११ हे चार पोर्ट पाहिलेत तर संवाद वाचता येतो: मशीनची हाक, राउटरचे उत्तर पत्त्यासह, डीएनएसमास्कचे उत्तर पत्त्याविना, मग मशीनची ४०११ वर विचारणा, मग ६९ वर फाइलची मागणी. ज्या पायरीनंतर शांतता आहे तिथेच बिघाड आहे.

---

पोर्टक्रमांक६९

सेंटओएसच्या वंशातले काही चालवणाऱ्यांसाठी: किकस्टार्टला (त्यांच्या आपोआप इन्स्टॉलच्या फाइलीला) 'इन्स्ट डॉट केएस' असा पूर्ण उपसर्ग द्या, उपसर्गाविना लिहिलेले जुने पर्याय ९ व्या आवृत्तीत चालत नाहीत. फाइल आधी 'केएसव्हॅलिडेटर' मधून काढा. 'इग्नोअरडिस्क' ला 'ओन्ली-यूज' लावा, नाहीतर मशीनला लावून ठेवलेला पेनड्राइव्हही पुसला जाईल. सर्व्हरच त्या वंशातला असेल तर एसईलिनक्सचे (जास्तीच्या सुरक्षा थराचे) लेबल बघा. घरच्या फोल्डरमधून 'एमव्ही' ने हलवलेली फाइल जुने लेबल घेऊनच येते, परवानग्या बरोबर दिसूनही ४०३ मिळतो. 'रिस्टोरकॉन' ला हँडलर करा.

---

कळफलक

दोन्ही अडचणी सुटल्या. आता सिक्युअर बूट (सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय). नव्या मशीनवर ते बंद करायची परवानगी नसेल तर?

---

दक्षिणवारा

स्वतः बांधलेल्या आयपीएक्सईवर सही नसते, त्यामुळे ती तिथे चालणार नाही. त्या मशीनना उबंटूची शिम (मायक्रोसॉफ्टची सही असलेला पहिला बूट प्रोग्रॅम) द्या आणि तिच्याच शेजारी नेटवर्कसाठीची सही असलेली ग्रब ठेवा. शिम ती त्याच फोल्डरमधून उचलते. ग्रब मग टीएफटीपीवर 'ग्रब' फोल्डरातली कॉन्फिग शोधते. काही आवृत्त्यांत प्रॉक्सी पद्धतीत ग्रबला सर्व्हरचा पत्ता नीट मिळत नाही, म्हणून कॉन्फिगमध्ये पत्ता चलातून न घेता थेट लिहा. टेम्प्लेट असल्याने तो तसाही इन्व्हेंटरीतूनच येतो.

---

शून्यप्रहर

भाराचा हिशेब मांडून ठेवतो. २४.०४ सर्व्हरची आयएसओ सुमारे २.६ जीबी. चाळीस मशीन एकदम सोडली तर १०४ जीबी. गिगाबिट कार्ड प्रत्यक्षात सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास देते, म्हणजे फक्त आयएसओ पोचायला पंधरा मिनिटे. एनजिनएक्सला हा भार जड नाही, अडथळा केबलचा आहे. दहा-दहाच्या तुकड्या सोडा. पॅकेजसाठी त्याच सर्व्हरवर ३१४२ पोर्टवर एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेज साठवून ठेवणारा प्रोग्रॅम) ठेवा आणि यूझर-डेटात प्रॉक्सी म्हणून द्या. पहिल्या मशीननंतर बाकीच्यांचे पॅकेज इंटरनेटवरून येत नाहीत. कॉलेजच्या इंटरनेटवर सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

पुढे कधी यूईएफआय मशीन पुन्हा इन्स्टॉल करायचे झाले तर साठ ठिकाणी जाऊन एफ१२ दाबायची गरज नाही. चालू लिनक्सवर 'ईएफआयबूटएमजीआर' ला 'बूटनेक्स्ट' म्हणून नेटवर्कचा क्रमांक द्या आणि रीबूट करा. फक्त पुढच्या एका बूटपुरतेच ते लागू होते. 'सोडणे' प्लेबुकमध्येच हे बसते.

---

कळफलक

शेवटची शंका. बारा जुन्या मशीनमध्ये ४ जीबीच रॅम आहे. त्यावर ऑटोइन्स्टॉल मधेच मरते.

---

दक्षिणवारा

पूर्ण आयएसओ रॅममध्ये उतरते, ४ जीबीत ती आणि इन्स्टॉलर दोन्ही मावत नाहीत. ८ जीबी धरून चाला. त्या बारांना डेबियनचा नेटबूट इन्स्टॉलर आणि प्रीसीड (त्याच्या उत्तरांची फाइल) द्या, त्याला फार कमी रॅम लागते. इन्व्हेंटरीत प्रत्येक मशीनपुढे 'ओएस' हे चल ठेवा, टेम्प्लेट त्याप्रमाणे वळेल. प्रीसीडमध्ये विभाजनाचे होकार सुटे सुटे द्यावे लागतात: नवे लेबल, एलव्हीएम, लिहिण्याचा अंतिम होकार. एक राहिला तरी पडदा तिथेच थांबतो. ग्रब कोणत्या डिस्कवर जाईल तेही लिहा.

नेटबूटचा कर्नल आणि मिररवरची मॉड्यूल्स एकाच आवृत्तीची लागतात. डेबियनची नवी पॉइंट रिलीज आली आणि तुमच्याकडे जुना नेटबूट राहिला तर 'कर्नल मॉड्यूल्स सापडली नाहीत' असा निरोप येतो. ते टारबॉल नव्याने घेण्याचे टास्क सर्व्हर प्लेबुकमध्ये ठेवतो आणि चेकसम त्याच मिररच्या यादीतून वाचतो. कीबोर्डसाठी त्या बारांवर 'यूएस' मांडणी पहिली आणि मराठी दुसरी ठेवा. उलटे झाले तर लॉगिनला पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि आत जाताच येत नाही.